चिनी मातीची कांडी

आप्पांचा ट्रॅक्टर थोरल्या मुलापेक्षा वयाने मोठा आणि हट्टानेही मोठा. बॅटरी सहा व्होल्टची, त्यामुळे स्टार्टर नुसता कण्हायचा. मग शेडमधून हाक यायची, "ये रे, हँडल मार!" बारा वर्षं रोज सकाळी थोरला हँडल मारत होता. उलटा झटका बसून एकदा मनगट मोडलं, तरी ते काम त्याने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. आप्पा एरवी त्याच्याशी बोलायचे ते तेवढंच.

आणि आता जावईबापू आले होते. नवी बॅटरी, नवा डायनामो, नवे बल्ब. सगळं बारा व्होल्टचं करायचं म्हणे. "बटण दाबलं की सुरू, आप्पा. कुणाच्या हातापाया पडायला नको." आप्पा खुलून हसले. स्वतःच्या हाताने त्याला चहा आणून दिला. थोरल्याच्या पोटात असं दुखलं की विचारू नका. त्याच्या वाट्याला बारा वर्षांत पाण्याचा पेलाही आला नव्हता.

सामानाचा खोका आप्पांच्या हातून निसटला, तेव्हा चिनी मातीची एक कांडी घरंगळत थोरल्याच्या पायाशी आली. तो रेझिस्टर होता. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या जुन्या कॉइलला बारा व्होल्ट झेपत नाहीत, जास्तीचा जोर ही कांडी अडवते. थोरल्याने ती उचलली आणि खिशात टाकली.

सगळ्यांनी शोधली. त्यानेही शोधली. शेवटी कांडीशिवायच सगळं जोडून जावई म्हणाला, "रविवारी दुसरी आणतो. तोवर दोन-चार मिनिटांच्या वर चालवू नका."

पण आप्पांना कसला दम निघतोय! दुसऱ्याच सकाळी शेताला दोन फेऱ्या मारून आले. फाटकापाशी जळका वास आला आणि इंजिन बंद पडलं.

थोरला हँडल घेऊन धावला. हाकेचीही वाट पाहिली नाही. दहा वेळा मारलं, वीस वेळा मारलं. कॉइलच जळलेली, ठिणगी येणार कुठून? एवढी साधी गोष्ट लक्षात आली तोवर त्याचा शर्ट घामाने भिजला होता.

"राहू दे रे," आप्पा म्हणाले. "माझंच चुकलं. खोका माझ्या हातून पडला. तुझ्या मनगटासाठी हा सगळा खटाटोप केला होता. थंडीत चोळत बसतोस, दिसत नाही का मला? लाव जावईबापूंना फोन."

थोरल्याने फोनसाठी खिशात हात घातला. आधी कांडीच लागली. हात बाहेर काढायचं त्याला धैर्य होईना, आणि आप्पा समोर वाट बघत उभे होते.