मंगळवारची परडी

"मागं बघू नको बे. कुणी शूट करतंय हे तुला ठाऊकच नाही, अशी चाल," गुरु फोन उभा धरून म्हणाला.

सृष्टी पुन्हा गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि पुन्हा काहीच ठाऊक नसल्यासारखी चालत आली. नकळत टिपल्यासारखं दिसायचं म्हणजे तालीम फार लागते. अंगावर इरकल, पायांत पांढरे शूज, गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात पर्सऐवजी वेताची परडी. माळ-परडी तिने तुळजापुरात देवळाबाहेर घेतली होती. "पूजेला का?" असं दुकानदाराने विचारलं, तेव्हा ती "फोटोला" म्हणाली होती. बाळीवेशीमागची ही गल्ली गुरुने हेरली होती, कारण तिथल्या एका घराच्या निळ्या दारापुढे इरकल उठून दिसत होतं. पुण्याचं एक फॅशनचं पेज गावोगावची 'खरी' स्टाईल दाखवत होतं, आणि सृष्टीला काही करून तिथे झळकायचं होतं.

निळ्या दारासमोर ती थांबली, मान किंचित वळवली, आणि दार उघडलं.

बाहेर आलेल्या, त्या घरच्या म्हाताऱ्या केराबाईच्या हातात पिठाची वाटी होती. डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल. मंगळवार, गळ्यात माळ, हातात परडी. दारात देवीची आराधीण उभी आहे, याबद्दल तिला शंका घ्यायचं कारणच नव्हतं. तिने वाटी परडीत रिकामी केली. लिपस्टिक, चार्जर, रुमाल, सगळं पिठाखाली गेलं. मग ती वाकली आणि तिने त्या पांढऱ्या शूजवर कपाळ टेकवलं.

"आई, येळेवर आलीस बघ."

सृष्टी मागे सरली. "अहो मावशी, मी नाही... हे आपलं..."

"सून रातच्यापासनं दवाखान्यात हाय. मूल आडवं हाय म्हणत्यात. पोराचा फोन बी आला न्हाय. एक शबूद दे."

गुरुने फोन खाली घेतला नव्हता. उलट जवळ येऊन त्याने अंगठा दाखवला. हे सोंग आहे, एवढंच सृष्टीला सांगायचं होतं. पण केराबाईच्या तोंडाकडे पाहून धीर होईना, आणि फोनकडे पाहून, खरं सांगायचं तर, मोह आवरेना.

"सुटेल. सुखरूप सुटेल," ती म्हणाली.

केराबाईने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते.

"मग हितं थांबू नगो. तिच्या नावानं पाच घरं पुरी कर. एका घरचा जोगवा घिऊन माघारी जायचं नसतंय की."

ती आत जाऊन फोनपाशी बसली. दार उघडंच राहिलं.

"खतरनाक!" गुरु दबक्या आवाजात म्हणाला. "म्हातारी रडलेली पण आलीय. असलं कुणाकडंच नाही. आत्ताच टाकू."

"पुसून टाक."

"येडी झालीस का बे? खरं थोडंच आहे ते?"

"पीठ तर खरं आहे ना?"

ती स्वतःवरच चिडली होती. शूज काढून तिने निळ्या दाराच्या पायरीशी ठेवले. फरशी चटके देत होती. गुरु फोन घेऊन मागे निघाला, तशी ती अशी काही वळली की तो जागच्या जागी थांबला.

शेजारचं दार मॅक्सीवर ओढणी घेतलेल्या एका बाईने उघडलं. तिने माळेपासून अनवाणी पायांपर्यंत पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

"अगं बया! तू ती रीलवाली न्हवं? आमची पोरगी दिवसभर तुलाच बघती."

हेच ऐकायला सृष्टी आजवर जिवाचं रान करत आली होती. आता मात्र तिला दार लावून घ्यावंसं वाटलं, पण दार दुसऱ्याचं होतं.

"अंबाबाईचा जोगवा वाढा," तिचा आवाज मध्येच फुटला. "शेजारच्या मावशींच्या सुनेसाठी मागतेय."

"व्हय, व्हय." बाई केस सावरत गल्लीत इकडेतिकडे पाहू लागली. "कॅमेरा कुटं लपवलाय?"

"नाहीये. खरंच नाहीये."

"समदे असंच म्हणत्यात की." बाईने डोळा मिचकावला. "थांब हं, आले," म्हणत ती लगबगीने आत गेली.

पीठ आणायला गेली की पावडर लावायला, कळायला मार्ग नव्हता. निळ्या दारातून फोन वाजल्याचा आवाज अजून आला नव्हता. सृष्टी परडी दोन्ही हातांनी पुढे धरून उभी राहिली.