दोन्ही बाह्या सारख्या

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. कपडे शिवणाऱ्या बाईच्या गळ्यात लोंबते ना, तीच. माझे निम्मे आकडे आता पुसलेत, पण खोटं माप मी कधी दिलं नाही, हे छातीठोकपणे सांगते.

माझी मालकीण घरातल्याच एका खोलीत मशीन चालवायची. बाईंचं माप म्हणजे माप, असं गिऱ्हाइकं म्हणायची. कौतुक तिचं, पण फुगायचे मी.

तिच्या लेकीच्या उजव्या दंडावर जन्मापासून निळसर, मऊ फुगवटा होता. दाबला की बसायचा, हात लोंबता राहिला की पुन्हा भरायचा. सासूबाई म्हणाल्या, जन्मखूण आहे, वयाबरोबर जाईल. मालकिणीला तेवढंच हवं होतं. पण दर नव्या फ्रॉकच्या वेळी मी वेढा घालायचे आणि उजवा दंड डाव्यापेक्षा जास्तच भरायचा. मालकीण आकडा बघायची आणि दोन्ही बाह्या उजव्याच मापाने कापायची. डावी बाही नुसती फडफडायची, पण बघणाऱ्याला फरक कळायचा नाही. मी खरं सांगत होते आणि ती माझ्याच मापाने ते झाकत होती. केसाने गळा कापला हो माझा!

पोर मोठी झाली तसा दंड ठणकायला लागला. आत मण्यासारख्या कडक गाठी हाताला लागू लागल्या. तेव्हा कुठे दवाखाना गाठला. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की शिरांची घडणच जन्मतः बिघडलेली आहे आणि गाठी म्हणजे साकळलेलं रक्त. हा कॅन्सर नाही, पण आपोआप जातही नाही, मुलाबरोबर वाढतो. सुईने औषध सोडून त्या शिरा आकसवता येतात, वरून घट्ट दाबबाही घालायची. पुरता गेला नाही तरी आटोक्यात राहील. मग त्यांनी विचारलं, कधीपासून वाढतोय?

"लक्षातच आलं नाही," मालकीण म्हणाली.

घरी आल्यावर पोरीने कपाटातून गेल्या वर्षीचा फ्रॉक काढला आणि डावा हात डाव्या बाहीत घातला. आत आणखी एक हात मावला असता.

"आई, तुला माहीत होतं."

मालकिणीने मला गळ्यातून ओढलं आणि चिंध्यांच्या पिशवीत कोंबलं. जशी काही चुगली मीच केली होती.

सुया टोचून झाल्या, आता दाबबाहीसाठी माप हवं होतं. पोरीनेच मला पिशवीतून उपसून आईच्या हातात दिलं. कपडा सैल बसावा म्हणून घालायची तशी मालकिणीने सवयीने माझ्याखाली दोन बोटं सरकवली.

"बोटं काढ," पोर म्हणाली. "आणि आकडा मोठ्याने सांग."

तिने सांगितला. माप बरोबर होतं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. अंगावर काही वाढत असेल तर ते मोजा आणि मोजलेलं कुणाला तरी सांगा. माझा राग अजून गेलेला नाही. पोरीचाही नाही. पण माप द्यायला ती आईसमोरच उभी राहते.