पाहुण्यांचा उजेड

अंधार

“नाणं टाकल्याशिवाय काही दिसायचं नाही,” लोरेदाना खुर्चीतूनच म्हणाली. “आणि पाय खाली घ्या. बाक आहे तो, पलंग नाही.”

बाकावरचे पाय खाली गेले. बूट आधीच काढलेले होते, वासावरून कळत होतं.

“आम्ही वाट बघतोय, सिन्योरा,” मुलाचा आवाज आला.

“कुणाची?”

“कुणाची म्हणजे... अशीच.”

“पैसेवाल्याची,” शेजारची मुलगी म्हणाली, आणि दोघं हसली. हसणं अर्ध्यातच दमलं.

लोरेदानाला ही जमात पाठ होती. दरवर्षी उन्हाळ्यात पॅसेंजर गाडीनं यायची. फ्लोरेन्समध्ये दिवसभर रांगांत उभी राहून, तिथली खाट परवडत नाही म्हणून पिस्तोयाला उतरायची. पाठीवर घराएवढी सॅक, सॅकेत पाव आणि कुठल्या तरी वाण्याकडचं सगळ्यात स्वस्त चीज. सान क्वीरिकोच्या चर्चमध्ये शिरायची, आतल्या बिनखिडकीच्या, भिंतभर जुनं चित्र असलेल्या कोनाड्यासमोर गार बाकावर बसायची, आणि अंधारात गप राहायची. कुणी जर्मन म्हातारा येऊन खांबावरच्या पेटीत नाणं टाकायचा, दिवा लागायचा, की सगळा बाक एकदम उठून उभा.

“उजेडचोर मेले,” लोरेदाना म्हणायची.

“बघू दे की,” तिचा नवरा एलिओ म्हणायचा. “बघून उजेड काय झिजतो?”

खरं तर गावानंही कधी नाणं टाकलं नव्हतं. आपल्याच भिंतीला बघायचे पैसे कोण देतं? बारशाला, मयताला आले की वळून बघायचे; पाहुण्यांनी उजेड केलेला असला तर ठीक, नाहीतर पुढच्या खेपेला. लोरेदानाही तशीच. राखणदारीच्या खुर्चीत तिचे केस पांढरे झाले, पण पेटीत तिचं एकही नाणं पडलं नव्हतं.

ती पेटी एलिओनं बनवलेली. चर्चची वायरिंगची कामं तोच करायचा. लोखंडी डबा, आत घड्याळाचं यंत्र. नाणं पडलं की टिकटिक सुरू, दिवा सुरू. वेळ संपली की खट्. एलिओ गेला, पेटी टिकटिकत राहिली.

उद्या ती निघणार होती. माणूस जवळ आला की आपोआप लागणारे दिवे येणार होते, आणि कॅमेरा. म्हणजे खुर्चीचंही काम संपलं. “सुटलीस बघ, लोरेदाना,” फादर सिल्वानो म्हणाले होते. त्यांनी ते चांगल्या मनानंच म्हटलं होतं.

आज सकाळी निघताना तिनं एप्रनच्या खिशात एक नाणं टाकलं. दार बंद झालं, सगळे गेले, की शेवटचा उजेड आपला. एकटीचा. तेवढंच तिला हवं होतं.

उजेड

आजचा म्हातारा जर्मन नव्हता, डच होता, बायकोबरोबर आलेला. नाणं खळ्ळकन पडलं.

भिंतीवर संत आन्ना, मेरीची आई, पलंगावर पडलेली. नुकतीच बाळंत झालेली, चेहरा असा की आता कुणी काही विचारू नका. दोन बायका कोंबडीचं सूप घेऊन आलेल्या. बाळ दाईच्या हातात. आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात, पितळी घंगाळ्यापाशी उकिडवी बसलेली एक मोलकरीण, पाणी किती गरम आहे ते हात घालून बघणारी.

चर्चच्या वरिष्ठांनी दिवा पलंगावर धरायला सांगितला होता. एलिओनं तो थोडा उजवीकडे कलता बसवला होता. “तिला पण दिसू दे की काय करतेय ते.”

त्या बाईचा चेहरा लोरेदानानं नीट असा कधी बघितला नव्हता. उजेड झाला की तिला माणसं बघावी लागायची: कोण फ्लॅश मारतोय, कोण मेणबत्त्यांच्या स्टँडला टेकतोय, कुणाचं आइस्क्रीम गळतंय. आत्ताही तिनं भिंतीकडे मान वळवली, तर बाकावरची ती मुलगी सॅकेवर गाल टेकून तोंड उघडं टाकून झोपलेली, मुलगा उभा राहून फोनवर फोटो काढतोय, तिनं त्याला दटावायला तोंड उघडलं आणि

खट्.

अंधार

दारातून आधी शिडी आली, मग मोरेनो.

“आज कशाला?” लोरेदाना उठली. “उद्या ना?”

“उद्या मला प्रातोला काम आहे. पेटी आज काढतो, दिवे उद्या पोरं बसवतील.”

“बंद व्हायला वेळ आहे अजून.”

“लोरेदाना, माझी कंबर बघ. शिडी घेऊन परत जाऊ, परत येऊ?”

“कंबर तुझी आहे. वेळ चर्चची आहे.”

मोरेनोनं शिडी भिंतीला लावली. तो एलिओच्याच हाताखाली शिकलेला. आता त्याचेही केस उरले नव्हते. “बरं,” तो म्हणाला. “एक सिगरेट ओढून येतो. तेवढ्यात कुणी नाणं टाकलं तर शेवटचं. मग वायर तोडणार. पुढं ऐकणार नाही हं.”

तो बाहेर गेला. डच जोडपंही गेलं. म्हणजे आता फक्त हे दोघं बाहेर काढायचे, की शेवटचा उजेड आपला.

“चला, उठा. बंद करायचंय.”

बाकावर खसफस झाली. “नोएमी. ए नोएमी, ऊठ.”

“लागला दिवा?”

“लागून गेला.”

“काय? आणि तू मला उठवलं नाहीस? कोसिमो, गाढवा!”

“तू घोरत होतीस! मी फोटो काढलाय, बघ.”

“फोटो घाल चुलीत. फोटो बघायला तारान्तोहून आले मी? एवढा जिना चढले, टाचेला फोड आलाय केवढा...” तिचा आवाज फाटला. “सुट्टे दे.”

“सुट्टे पाण्याच्या बाटलीत गेले. नोट आहे.”

“सिन्योरा, नोटेचे सुट्टे असतील तुमच्याकडे?”

“नाहीत,” लोरेदाना म्हणाली. हात एप्रनच्या खिशात होता.

“समोरच्या बारमधून आणतो,” कोसिमो म्हणाला.

“सोमवारी बंद असतो तो. उद्या या. उद्या फुकट दिसेल.”

“उद्या पहाटेची गाडी आहे हो आमची,” नोएमी म्हणाली. “मी हॉटेलात खोल्या आवरते. परवापासून पुन्हा चादरी.” ती बूट चढवत होती, मध्येच कळ आल्यासारखी थांबली. “पलंग नसता दिसला तरी चाललं असतं. मला ती खाली बसलेली बाई बघायची होती. पाणी बघणारी. पोस्टकार्डावर तिला कापतात.”

“तुला कुणी सांगितलं तिचं?”

“आजीनं. आजी सुईण होती. एकदा बायकांच्या सहलीबरोबर इथं येऊन गेली. मरेपर्यंत सांगायची, भिंतीवर एक बाई आहे, माझंच काम करते.”

बाहेर मोरेनो खोकला. सिगरेट संपत आली होती.

लोरेदानानं एप्रनच्या खिशातून मूठ बाहेर काढली. मग अंधारात सवयीनं खांबापाशी गेली.

“जा पुढं,” ती म्हणाली. “कठड्याला हात लावू नका.”

उजेड

नोएमी एका पायावर लंगडत कठड्यापाशी गेली. एक बूट हातातच होता.

लोरेदाना भिंतीकडे पाठ करून उभी होती. तळहात पेटीवर. टिकटिक हाडातून खांद्यापर्यंत येत होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ही पेटी उघडी पडलेली तिला आठवली. चाकं, स्प्रिंगा, आणि त्यांच्यामध्ये सूपची ताटली ठेवायला जागा नाही म्हणून झालेलं भांडण. “पुरे की एवढी वेळ, वरून तेवढीच सांगितलीय,” ती म्हणाली होती. एलिओ स्क्रू आणखी जरासा पिळत म्हणाला होता, “लांबून आलेल्या माणसाला दम तर खाऊ दे.”

“बाही भिजलीय तिची,” मागून नोएमी म्हणाली. “वर करायची राहिलीय. कोसिमो, बघ ना.”

“बघतोय.”

“आणि तिला कुणी बघतच नाहीये. सगळ्या बाळाकडे. किती दमलीय रे.”

“हे फार आवाज करतं हो, सिन्योरा,” कोसिमो म्हणाला. “दुरुस्त नाही करत?”

“करतायत,” लोरेदाना म्हणाली. “उद्यापासून नाही येणार आवाज.”

मोरेनो दारात येऊन उभा होता. त्यानं पक्कड काढली होती, पण ती पाठीमागे धरली होती.

“वळून बघ तरी,” तो हळूच म्हणाला.

ती वळली नाही. तिनं फक्त डोळे मिटले, नीट ऐकू यावं म्हणून, आणि

खट्.

अंधार

सॅका उचलल्याचा आवाज. पट्टे आवळल्याचा आवाज.

“ग्रात्सिए, सिन्योरा.”

“टाचेला पट्टी लाव. पायऱ्या बघून उतरा.”

लंगडणारी पावलं दारापर्यंत गेली, मग उन्हात.

शिडी खांबाला टेकली. मोरेनो वर चढला नाही.

“तोडू?”

“थांब जरा.”

पेटी अजून कोमट होती. लोरेदाना हात तसाच ठेवून उभी राहिली, लोखंड तळव्याखाली थंड होत जाईपर्यंत. मग तिनं हात काढला आणि एप्रनला पुसला.

“हां,” ती म्हणाली. “आता तोड.”