बादलीखाली जोडलेले हात

व्रताच्या सहाव्या संध्याकाळी हेशन भावंडांच्या ओल्या कुरणात पाय ठेवायला जागा नव्हती. जूनमध्ये त्या कुरणाला नुसता ऊत येतो. ओढ्याकाठी पिवळे आयरिस, मधल्या दलदलीत गुलाबी रानफुलं आणि बाकी जिथे बघावं तिथे पांढऱ्या फुलांचं, तीन-तीन पानांचं क्लोव्हर गवत. पण फुलांकडे बघायला कोण आलं होतं? अख्खं गाव वाकून क्लोव्हरची पानं न्याहाळत होतं.

दुधाच्या पालथ्या कॅनवर ब्रदर मॅलकी उभा होता. कुठल्या मठाचा ब्रदर, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"लेकरांनो, आयर्लंडचा माणूस गर्वाने ताठ झालाय. पण हे मुकं गवत बघा! क्लोव्हर, हात जोड!"

सूर्य डोंगराआड गेला आणि क्लोव्हरने खरंच हात जोडले. तीन पानांपैकी दोन एकमेकांना चिकटली, तिसरं त्यांच्यावर डोकं टेकवल्यासारखं वाकलं. एका रोपाने नव्हे, साऱ्या कुरणाने! लोकांनी गुडघे टेकले. शेजारची पेगमावशी तर हुंदके देऊन रडू लागली. तेवढ्यात चिलटांचे थवे उठले आणि सगळी भक्तमंडळी कराकरा खाजवू लागली.

"खाजवू नका! चिलट चावतं तिथून पाप बाहेर पडतं," ब्रदर म्हणाला आणि त्याने स्वतःच्या मानेवर फाडकन चापट मारली.

ऊना हेशन भावाला घरी न्यायला आली होती. कोलमन घोटाभर पाण्यात गुडघे टेकून खोकत होता. त्याला क्षय झाला होता. जिल्ह्याच्या दवाखान्यात नवी इंजेक्शनं आली होती, शुक्रवारी सकाळी त्याच्यासाठी खाट राखून ठेवली होती. तो गेला नाही, तर ती यादीतल्या पुढच्या रोग्याला मिळणार होती. ब्रदरचं रोग बरा करणारं व्रत मात्र नऊ संध्याकाळींचं, आणि नववी पडत होती शनिवारी. व्रत मोडलं की सगळं फुकट, असं त्याने बजावलं होतं.

"ऊठ कोलमन. परवा गाडी येणार आहे."

"ताई, एका दिवसासाठी सगळं पाण्यात घालू?"

"सहा दिवस पाण्यातच बसलायस की रे!"

"तू डोळ्यांनी बघितलंस ना? आपल्या कुरणात गवत प्रार्थना करतंय! जन्मभर इथे दूध काढतेस. कधी दिसलं होतं तुला हे?"

ऊनाला खरंच कधी दिसलं नव्हतं. दिवेलागणीला चिलटं सुटली की शहाणा माणूस कुरणातून पळ काढतो, तशीच तीही काढायची. रात्रभर तिला भावाचा खोकला ऐकू येत राहिला आणि तिचा जीव तुटत राहिला.

गुरुवारी सकाळी दूध काढताना तिची बादली गळू लागली. आधीच डोकं फिरलेलं. तिने बादली क्लोव्हरमध्ये भिरकावली, ती पालथी पडली. दुपारी बाराला राग ओसरल्यावर ती उचलायला गेली, तर काय! सूर्य डोक्यावर, भोवतालची पानं ऐसपैस पसरलेली, आणि बादलीखालच्या गोल तुकड्यात प्रत्येक रोपाने हात जोडलेले.

ऊना मटकन खाली बसली आणि इतकी हसली, की तिची तांबडी गाय चरायचं सोडून बघत राहिली.

मग तिने घरातल्या आणखी दोन बादल्या आणल्या, तिन्ही कुरणात पालथ्या घातल्या आणि पेगमावशीकरवी निरोप धाडला: पाच वाजता कुरणात चहा आणि गरम पाव, ब्रदरनाही घेऊन या. फुकटचं म्हटल्यावर ब्रदर सगळ्यांच्या आधी हजर.

"ब्रदर, उजेडात एकदा हात जोडायला लावा ना क्लोव्हरला," ऊना म्हणाली.

"मुली, देवाची वेळ सांजेची."

"मग माझ्या बादल्यांना फारच घाई झालेली दिसते." तिने एकेक बादली उचलली. "या पहिलीजवळ मी जपमाळ म्हटली. दुसरीजवळ गाईला देते त्या शिव्या दिल्या. तिसरीजवळ काहीच नाही, पाव भाजायचे होते."

तिन्हीखालचं क्लोव्हर सारखंच भक्तिभावाने वाकलेलं. मग पेगमावशीने धाडकन गुडघे टेकले.

"बादली! पवित्र बादली!"

"मावशी, उठा! गळकी आहे ती!"

मग जो हशा पिकला! मावशीही पोट धरून हसू लागली.

"अंधार झाला की क्लोव्हर पानं मिटतं," ऊना म्हणाली. "रोज मिटतं. आपण चिलटांना भिऊन घरात असतो, म्हणून बघितलं नाही. सोमवारी आभाळ आलं होतं, तेव्हा ब्रदरांनी प्रार्थना लवकर उरकली. आठवतं? हुकूम ते सोडतात, पण वेळ ठरवतो उजेड."

"सैतानाची बादली!" ब्रदर ओरडला आणि उरलेला पाव खिशात कोंबून सायकलीकडे पळाला.

कोलमन मात्र हसला नाही. "तुझ्या भांड्यांवर माझा विश्वास नाही," असं म्हणून त्याने ब्रदरचा कॅन उचलला, स्वतःच्या हाताने नव्या जागी पालथा घातला आणि शेजारी बसून राहिला. गावही थांबलं. दोन तास कुणी चहा प्यायलं, कुणी पैजा लावल्या. ऊना पुन्हा पुन्हा किटली भरत राहिली. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो; उन्हं अजून चांगली वर होती, तेव्हा कोलमनने कॅन उचलला.

खालच्या क्लोव्हरनेही हात जोडले होते; एक मिटलेलं पान त्याने बोटाने उलगडून बघितलं. मग म्हणाला, "ताई, माझे कोरडे मोजे कुठे आहेत? उद्या सकाळी लागतील."

ऊनाने अख्ख्या गावादेखत त्याला मिठी मारली आणि मग खुशाल रडून घेतलं.

शुक्रवारी गाडी आली. कोलमन खिडकीतून ओरडला, "भेटायला येशील तेव्हा बादली आण गं!" तिकडचा डॉक्टर तरी खरं सांगतो का, ते त्याला तपासून बघायचं होतं. अगदी बरोबर! डॉक्टरलाही विचारावं, कुणालाही विचारावं. आणि तुमच्या गावात कुणी चमत्कार घेऊन आला, तर खुशाल बघायला जा. फक्त हात जोडण्याआधी घरातली एखादी बादली पालथी घालून बघा.