बिब्ब्याची फुली

आमच्या आईला एकदा औषध सुचलं की देवही आडवा येऊ शकत नाही. उज्ज्वलावहिनीच्या आठ महिन्यांच्या वरदला खोकला लागला, म्हणून नांदेडच्या दवाखान्यात त्याच्या हातावर टीबी तपासायची सुई टोचली. दोन दिवसांनी तिथे किती गाठ येते ते डॉक्टर पाहणार होते. उमरीला घरी गेल्यावर आईला ती जागा लाल दिसली. तिने बिब्बा तापवला आणि त्यावर फुली ओढली. सकाळपर्यंत लेकराचा हात फोडांनी भरला.

मी नांदेडला कोचिंग क्लासात शिकवते, बोलण्याचीच भाकरी खाते. त्या दिवशी आईला बोलायचं काही बाकी ठेवलं नाही.

वहिनी मात्र स्वतःलाच बोल लावत होती. तिला एचआयव्ही आहे. तो घरात आणला माझ्या भावाने, आणि स्वतः मरून मोकळा झाला. पाठोपाठ तिला टीबी झाला. गोळ्यांनी ती सावरली, वरदचे एचआयव्हीचे रिपोर्टही चांगले आले. पण आपला टीबी आपण लेकराला दिला, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं.

फोड पाहून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आता इथे काय कळणार? आणि एवढं लेकरू बेडका कुठून काढणार? रक्तच तपासू."

रिपोर्ट येईपर्यंत आम्ही तिघी माझ्या खोलीवर राहिलो. चौकाचौकात पोरांच्या मार्कांचे फलक, आणि आमचा जीव एकाच निकालाला टांगलेला. आई ताटावर बसायची आणि तशीच उठायची. मला तिचा राग यायचा, कीवही यायची.

शेवटी डॉक्टरांनी आत बोलावलं. रक्तात टीबीची खूण नव्हती. "नुसत्या रक्तावर मी विसंबलो नसतो," ते म्हणाले, "पण छातीचा फोटो साफ आहे, वजन वाढतंय, खोकलाही गेला. याला टीबी नाही. तरी दर महिन्याला दाखवायला आणा. आणि बिब्बा बंद."

मी रिपोर्टचा कागद पुन्हा एकदा वाचून काढला. 

वहिनीने वरदला उराशी धरलं. "म्हंजे माझ्याकडून ह्याला काईच गेलं न्हाई?"

डॉक्टरांच्या आधी आईच बोलली. "गेलं की. नाक बघ त्याचं. आमच्यात कुणाचं हाय असलं नकटं?"

दादा गेल्यापासून पहिल्यांदाच वहिनी मोठ्याने हसली.