सकाळचे चोवीस सेकंद

लॅबमध्ये सहा जुने संगणक होते, सहा स्कॅनर, शंभर खळग्यांचे बारा ट्रे, एक जर्मिनेटर आणि कालच आलेला एक नवा संगणक. जुन्या सहांवर मांजरपाटाची शिवलेली कव्हरं होती. नवा उघडाच होता.

राजानंदने सरकीचा ट्रे स्कॅनरमध्ये सरकवला. नवे संगणक विकायला तो संभाजीनगरहून आला होता. पडद्यावर शंभर बियांचा फोटो उमटला. फुटकं बी लाल, वेगळ्या जातीचं पिवळं.

"बारा सेकंद," तो म्हणाला. "चौदावी जनरेशन आहे सर. तुमच्याकडच्या सहावीला किती लागले?"

"एकाहत्तर," मॅनेजर मार्तंड सर म्हणाले.

"सहावीतलं लेकरू हाय ते," दारात उभा असलेला प्लँटचा इलेक्ट्रिशियन संपत म्हणाला. "त्याला चौदावीच्या पेपरला कशाला बसवून राह्यले?"

सगळे हसले. शिवकन्याबाई हसल्या नाहीत. जालना एमआयडीसीतल्या त्या बियाणे प्लँटच्या लॅबमध्ये त्या एकोणीस वर्षं होत्या. वडील मेंढ्या राखायचे. त्यांनी मात्र घनसावंगीला बारावी सायन्स केलं, आणि तेव्हापासून बी मोजत आल्या.

हेड ऑफिसने या हंगामात एकच मंजुरी दिली होती. एक तर सहा नवे संगणक, नाही तर दुसरा जर्मिनेटर. ठरावीक तापमानात बी उगवून बघायचं हे कपाट आताच अपुरं पडत होतं. दुसरं आलं नाही, तर उगवणीचे नमुने हैदराबादला जाणार होते आणि शिवकन्याबाई पॅकिंगला. पण संगणकांमुळे बियाण्याचे लॉट दोन-दोन दिवस अडकत होते, हेही खोटं नव्हतं.

"मग शिवकन्याबाई? ऑर्डर देऊन टाकू?" सरांनी विचारलं.

"शनिवारपर्यंत थांबा सर. एका बियावरून आपण लॉट पास करत न्हाई."

राजानंद म्हणाला, "ताई, हे बियाणं नाहीये."

"न्हाई ना. मंग नवा इथंच राहू द्या शनिवारपर्यंत. त्याला काय कीड लागत न्हाई."

त्यांच्या टेबलावर एक वही असे. तीत ट्रेची वेळ टिपायची त्यांना सवय होती. कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी अडीचला डबा खाताना त्यांनी मागची पानं चाळली. सकाळी साडेनऊचा पहिला ट्रे: चोवीस सेकंद. अकराला चव्वेचाळीस. दोनला एकाहत्तर. कालही तसंच, परवाही.

"संपतभाऊ, इकडं या जरा."

"जेवू द्या की."

"जेवत जेवत या. हे बघा. मशीन म्हातारी झाली म्हणत्यात. म्हातारं माणूस सकाळी जवान आन् दुपारी म्हातारं असतंय का?"

संपतने वही पाहिली. मग उठून दोन नंबरच्या कव्हराखाली हात घातला आणि झटकन काढला. "अरे बाप रे. भाकर भाजंल हिच्यावर."

त्याने मशीन बंद करून झाकण उघडलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. उष्णता त्यांच्यातून बाहेर जाते. त्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. पलीकडच्या शेडमध्ये सरकीवरची लव काढतात. ती लव तिथे लोकरीच्या नमद्यासारखी घट्ट बसली होती.

"उशी भरंल एक," संपत म्हणाला. "हवाच न्हाई, मंग ते बिचारं जळू नये म्हणून स्वतःच सावकाश चालतंय. त्यात वरून हे कव्हर. कोण्या शहाण्यानं शिवलं?"

"म्या," शिवकन्याबाई म्हणाल्या.

आठ वर्षांपूर्वी शेड सुरू झालं, तेव्हा लव आत जाऊ नये म्हणून त्यांनीच घरच्या मशीनवर सहा कव्हरं शिवली होती. मागची बाजूही बंद केली होती, नीट दिसावं म्हणून. संपतने भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

सहापैकी तीन निवडायला शिवकन्याबाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. एक, चार आणि सहा नंबर निघाले. तेवढे तीन संपतने ब्लोअरने साफ केले, बाकीचे तीन तसेच ठेवले. कव्हरं सगळ्यांचीच काढली. झाकणं लावल्यावर सहाही सारखेच दिसत होते. सेकंद मोजायचं घड्याळ त्यांनी लॅबमधल्याच मदतनीस उषाबाईंच्या हातात दिलं. कुठले साफ झाले, हे उषाबाईंना सांगितलं नाही.

"मला काहून न्हाई सांगत?" उषाबाई फुगल्या.

"तुमी माझ्या बाजूनं घड्याळ दाबसान म्हणून."

"दाबलंच असतं!"

प्रत्येक मशीनवर पंचवीस ट्रेच्या चार फेऱ्या, दुपारी दोननंतरच, दोन दिवस. नव्याच्याही तेवढ्याच.

शनिवारी त्यांनी सरांपुढे एक कागद ठेवला.

"साफ केलेल्या एक आन् सहा नंबरला सरासरी तेवीस सेकंद. साफ न केलेल्यांना सत्तर. नव्याला बारा."

"म्हणजे नवा दुप्पट वेगाने चालतो," राजानंद म्हणाला.

"बराबर हाय. पण ट्रेमधी शंभर बी मांडायला आमच्या हाताला अडतीस सेकंद लागत्यात. एक ट्रे मशीनमधी, दुसरा हातात. बारा काय आन् तेवीस काय, मशीन आमच्यासाठी थांबूनच राहणार."

सरांनी कागद जवळ ओढला. "चार नंबर? तोही साफ केला होता ना? इथे चौसष्ट दिसतायत."

"तो खरंच गेलेला हाय सर. त्याला मी पास करत न्हाई."

"आणि इतकी वर्षं हे असं का चाललं होतं?"

संपतने खिडकीबाहेर पाहिलं.

"कव्हरं मी शिवली होती सर, त्यांच्याखाली मंग कुणी बघितलंच न्हाई. चूक माझी हाय. खाली लिवलीय."

सरांनी खालची ओळ वाचली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

राजानंदने शेवटचा प्रयत्न केला. "पुढच्या वर्षी सॉफ्टवेअर बदललं तर?"

"मंग पुढच्या वर्षी परत मोजू. तुमी या, चहा पाजते."

मार्तंड सरांनी पेन उघडलं. "राजानंद, चार नंबरच्या जागी हा नवा ठेवून जा, तो दुरुस्तीच्या खर्चात बसेल. मंजुरी जर्मिनेटरसाठी जाईल. शिवकन्याबाई, तुमचा हा कागद मी सोबत जोडतोय. असाच, त्या ओळीसकट."

उषाबाईंनी दारातूनच शिट्टी मारली. पन्नाशीच्या बाईला शिट्टी येते, हे लॅबमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. संपतने ब्लोअर बंदुकीसारखा खांद्यावर टाकला आणि उरलेले तीन साफ करायला निघाला. राजानंदही हसला. "ताई, आमच्याकडे नोकरी करा."

"तुमच्याकडं? तुमी एका ट्रेवर माल विकता."

तीन आठवड्यांनी दुसरा जर्मिनेटर लॅबमध्ये बसला. तापमान पंचवीस अंश. पहिला लॉट, शंभर बियांचे चार गट, ओल्या कागदात गुंडाळून शिवकन्याबाईंनी आत ठेवले. बाराव्या दिवशी मोजणी केली.

अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव, सत्त्याऐंशी, नव्वद. सरासरी उगवण एकोणनव्वद टक्के. लॉट पास.