खेचराची बिअर

अरे ऐका तरी! कार्निवलचा शुक्रवार, आणि आमच्या नव्या उर्किदीसाहेबांनी ऑफिसच्या दारावर कागद चिकटवलेला: ‘यंत्रांना बिअर पाजण्यास सक्त मनाई.’ तेही बोलिव्हियातल्या ओरुरोमध्ये! जिथं भाजीवालीसुद्धा या दिवशी तराजूला बिअर पाजते, रंगीत फिती गुंडाळते, तेव्हा कुठे वर्षभर वजन करते!

आणि रोख कुणावर, तर कासिल्दाबाईंवर. जन्म-मृत्यूच्या दाखल्यांचं झेरॉक्स मशीन बावीस वर्षं त्याच सांभाळतात. त्याला आम्ही खेचर म्हणतो. मनात आलं तर चालतं, नाहीतर अडतं. त्या दिवशी सकाळी ते पार ठप्प.

साहेब म्हणाले, "बघा! गेल्या वर्षीच्या बिअरनंच बिघडलं. बाई, सोमवारपासून तुम्ही तळघरात. फायली झाडा."

"साहेब, मी चार पायांशी ओतते, पोटात नाही," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षांत ते कधी प्यायलेलं दिसलं नाही. तुम्ही आलात नि लगेच झिंगलं?"

आम्ही फाइलीआड तोंड लपवून खिदळतोय! पण तळघरात गेलेला माणूस परत येत नाही हो, थेट निवृत्त होतो.

मग मेकॅनिक एदिल आला. खेचराचं पोट उघडलं, हात घातला, आणि ओढून काढला चुरगळलेला कागद. त्याला टाचणी तशीच!

"कोण हा शहाणा? पिन न काढताच कागद घातला?"

मी वाकून वाचलं. मोठ्यांदाच वाचलं, राहवेना! ‘कासिल्दा मामानी यांची तळघरात बदली...’ म्हणजे काल सगळे गेल्यावर साहेब स्वतःच प्रती काढायला बसले होते! आमच्याकडे तीन प्रती नि शिक्का नसेल, तर मेलेला माणूससुद्धा मेला धरत नाहीत, मग बदली कशी धरतील!

साहेब लालबुंद. बाईंनी मात्र शांतपणे पिशवीतून बाटली काढली, त्यांच्या डोळ्यांत बघत उघडली.

"पत्र पुन्हा टाइप करा, साहेब. तिन्ही प्रती मीच काढून देते, पिन काढून. पण आधी खेचर पिणार."

आणि ओतली की! चारी पायांशी! एदिलनं टोपी काढली, आम्ही एकेक करून उठलो, फिती फेकल्या, त्यातल्या दोन-तीन थेट साहेबांच्या मनाईच्या कागदावर पडल्या. साहेब केबिनमध्ये गेले, दार लावलं.

आज पंधरा दिवस झाले. खेचर चालतंय, बाई खुर्चीतच आहेत. रोज सकाळी केबिनच्या दारात जाऊन विचारतात, "साहेब, काही झेरॉक्स काढायचंय?"